एकोणीस नावांनंतर

रविवारी दुपारी साहेब न कळवता आले, तेव्हाच दादांनी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. हा माणूस कळवल्याशिवाय शिंकतसुद्धा नाही. साहेब हे नाव त्यांना पडलं ते पाच वर्षांचे असताना, दोर वळायच्या अंगणात घायपाताच्या वाखाची कुसं पायाला टोचतात म्हणून बूट मागितले तेव्हा. पुढे ते शिक्षण कार्यालयात खरोखरच साहेब झाले आणि घरच्यांचे नवं नाव शिकायचे कष्ट वाचले.

"आक्का कुठाय?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"येईल. वह्या तपासून झाल्याशिवाय तिला रविवारचा चहा गोड लागत नाही. बस की."

साहेब बसले. काखेतली फाईल त्यांनी टेबलावर ठेवली, मग उचलून मांडीवर घेतली, मग परत टेबलावर ठेवली. दादा बघत राहिले. आपल्या धाकट्या भावाचे केस कधी एवढे पांढरे झाले, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

तेवढ्यात भिंगरी दारापासून टेबलापर्यंत उलट्या पावलांनी चालत आली आणि साहेबांच्या गुडघ्यावर आदळली. सहा वर्षांची पोर, पण सरळ चालेल तर शपथ.

"भिंगरे, पुढं बघून चाल!" आतून तिची आई ओरडली.

"आजोबा असेच चालतात."

"आजोबांचं ते काम आहे."

ते खरंच होतं. दोर वळताना एकानं चाक फिरवायचं आणि दुसऱ्यानं कमरेला वाख बांधून, हातातून सोडत, पाऊल पाऊल मागे जायचं. दादांचा जन्म त्यात गेला. साहेबांनी एकदा कुठल्याशा सत्काराच्या भाषणात सांगितलं होतं की आमचा थोरला भाऊ आयुष्यभर मागे चालला म्हणून आम्ही पुढे गेलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. दादांनीही वाजवल्या होत्या, आणि घरी आल्यावर दोन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते.

आक्का आली ती पिशवीभर वह्या घेऊनच. साहेबांना पाहून ती उंबऱ्यात क्षणभर थांबली. मग पिशवी कोपऱ्यात ठेवून खुर्चीत बसली आणि चपला पायातून काढून टाचा चोळू लागली.

"बोल," ती म्हणाली. "तुझ्या तोंडावर लिहिलंय."

साहेबांनी फाईल उघडली. "भिंगरीचं नाव तुझ्या शाळेच्या पटावर आहे?"

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"आहे," आक्का म्हणाली. "वीस नंबरला."

भिंगरीची आई, दादांची सून, हात पुसत बाहेर आली. तिचा नवरा सात महिन्यांपासून बोटीवर होता. दवाखान्यात औषधं देण्याची नोकरी, घर, सासरे आणि पोर हे सगळं ती एकटी ओढत होती, आणि आठवड्यातून हा एकच दिवस तिला जरा पाठ टेकायला मिळायचा.

"कुणाचं नाव?" तिनं विचारलं. "आमच्या भिंगरीचं? ती तर मोठ्या रस्त्याच्या शाळेत जाते."

"तेच तर," साहेब म्हणाले. "शुक्रवारी ऑफिसच्या कॉम्प्युटरनं यादी काढली. एक मूल, दोन शाळा. यादी माझ्या टेबलावर आली म्हणून बरं. दोन दिवस मी ती फाईलखाली दाबून बसलोय. जेवण जात नाही मला."

"मला न विचारता, आत्याबाई?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नसते म्हणाले!"

"म्हणून नाही विचारलं."

दादांना हसू आलं, पण त्यांनी ते चहाच्या कपात दडवलं.

"आणि पुढचं ऐका," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज आता चढला होता. "नाव घातलं ते घातलं. शाळा सुरू होऊन त्रेसष्ट दिवस झाले. त्रेसष्टच्या त्रेसष्ट दिवस हिनं भिंगरीपुढं गैरहजर लिहिलंय!"

"आलीच नाही तर हजर कशी लिहू?" आक्का म्हणाली.

"अगं, पण नावच खोटं आहे ना!"

"नाव खोटं नाही. नाव आपल्या घरातलं आहे. हजेरी खोटी झाली असती."

साहेबांनी कपाळावर हात मारला. चौतीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईला एक साधी लबाडी धड करता येऊ नये, याचं त्यांना हसावं की रडावं ते कळेना. लहानपणी हिनंच त्यांचा कान पिळून पाढे घेतले होते. मोठी बहीण, काय बोलणार.

"वीसच्या खाली पट गेला की शाळा बंद," ते हळू म्हणाले. "हे तुला माहीत होतं."

"मला माहीत नसेल? परिपत्रकावर सही तुझीच होती."

आक्काच्या डोळ्यांपुढे ती लांबलचक खोली आली. एके काळी तिथे दोर वळायचे, म्हणून लांबी ऐंशी पावलं आणि रुंदी चार हात. पुढे ती शाळेला दिली आणि दोराचं काम मागच्या उघड्या अंगणात गेलं. फळ्यापाशी पहिली, तिच्या मागे दुसरी, मग तिसरी, आणि शेवटी रस्त्याच्या दाराला टेकून चौथी. दरवर्षी पोरं दाराकडे सरकायची. रोज सगळ्यांनी अंगणाच्या दारानं यायचं जायचं. रस्त्याचं दार उघडायचं ते फक्त चौथी पास झालेल्यांसाठी. त्या दिवशी बाई स्वतः कडी काढायची आणि म्हणायची, जा, परत इकडे वळून बघू नका. पोरं तिचं ऐकायची. कुणी परिचारिका झाली, कुणी वायरमन झाला, एक तर परदेशात गेली. कुणी वळून बघितलं नाही. कुणी आपलं पोर आणून फळ्यासमोर बसवलं नाही. तिच्या स्वतःच्या भावानंही नाही. शिकवून शिकवून आपणच आपली शाळा रिकामी केली, हे तिला गेल्या वर्षी पट बावीसवरून एकोणीसवर आला तेव्हा कळलं. अभिमान वाटायला हवा होता, पण तिला नुसता थकवा आला होता.

"यातून वाट आहे," साहेब म्हणाले. "उद्या तपासणीला मीच येतो. आज तू नाव खोड, चुकून लागलं असा शेरा मार. मी पट एकोणीस लिहीन. चौकशी होणार नाही, तुझ्या नावाला बट्टा लागणार नाही. महिनाअखेर शाळा बंद होईल. तुझी वर्षभराची नोकरी उरलीय, ती मी ऑफिसात कुठंतरी काढून देतो."

"आणि पोरं?"

"त्यांची सोय केलीय. नदीपलीकडच्या शाळेत."

"नदीपलीकडच्या." आक्कानं चष्मा काढला. "दोन बस बदलून. सात वर्षांचं पोर. आई चाकावर, बाप कमरेला वाख बांधून. कोण नेणार, कोण आणणार? अरे, दोन महिन्यांत निम्मी चाकावर दिसतील तुला. तू या गल्लीतला आहेस ना? की विसरलास?"

"विसरलो नाही."

"मग मोठ्या रस्त्याची शाळा दहा मिनिटांवर आहे. नियमात जवळची शाळा म्हटलंय. तिथं का नाही घातली?"

साहेबांनी फाईलची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, आणि मग नकळत सुनेकडे बघितलं. आक्कानं ते टिपलं. चौतीस वर्षं वर्गात कोण कुणाकडे बघतं हे टिपण्यातच गेली होती तिची.

"काय आहे?"

"शाळा बंद व्हायची चर्चा निघाली तेव्हाच तिथल्या पालकांचा अर्ज आला होता," साहेब म्हणाले. "वर्गात जागा नाही म्हणून. तेवीस सह्या आहेत."

सून टेबलाची कड धरून उभी होती.

तो कागद तिला आठवत होता. शाळेच्या फाटकापाशी, घाईच्या वेळी, एका आईनं पुढे केलेला. बाहेरची मुलं भरणार आहेत, आपल्या मुलांकडे कोण बघणार, एवढंच ऐकलं होतं तिनं. पण खोटं कशाला, बाहेरची म्हणजे कुठली हे तिला सही करतानाच समजलं होतं. तिची आई दवाखान्याच्या फरश्या पुसायची. शाळेत तिच्या शेजारी पहिली दोन वर्षं कुणी बसत नव्हतं, कारण तिच्या फ्रॉकला फिनेलचा वास यायचा. त्या वासातून बाहेर यायला तिला वीस वर्षं लागली होती. आता भिंगरी त्या शाळेत पहिल्या ओळीत बसत होती, आणि तिचे आजोबा काय करतात हे तिथं कुणी विचारलं नव्हतं. गल्लीतली एकोणीस पोरं आली की पहिल्याच दिवशी एखादं मूल ओरडणार होतं, अय्या भिंगरी, तू इथं होय!

"माझी सही आहे त्यावर," ती म्हणाली. "बघता काय सगळे? आहे. माझ्या पोरीच्या दप्तराला वाखाचा वास येतो असं कुणी म्हटलेलं मला सहन होणार नाही. मी ऐकलंय तसलं. तुम्ही आत्या म्हणून बोलाल, काका साहेब म्हणून बोलतील, पण रोज रात्री तिला कुशीत घेऊन समजवायला मी एकटीच आहे."

भिंगरी टेबलाखाली बसून साहेबांच्या बुटाच्या नाड्या एकमेकींना बांधत होती.

"तिचं चुकलं नाही," साहेब म्हणाले. त्यांना एकदम कुणीतरी आपल्या बाजूचं सापडल्यासारखं झालं होतं. "आक्का, माणूस वर येतो तो पोरांसाठीच ना? आता सगळ्यांनी मागं वळून बघायचं म्हटलं तर कसं व्हायचं? तूच शिकवलंस, वळून बघू नका म्हणून."

"शिकवलं," आक्का म्हणाली. "चुकलंच माझं."

तिनं हे इतक्या सरळपणे कबूल केलं की साहेबांची पुढची तीन वाक्यं वाया गेली.

"दादा, तू तरी काही बोल," ती म्हणाली. "नाहीतर राहू दे. तुला शाळेचं काय पडलंय म्हणा. तिसरीतच कंटाळलास तू."

हे ती नेहमीच म्हणायची. थट्टेनं, रागानं, कधी साहेबांच्या मुलांना समजावताना उदाहरण म्हणून. दादा दरवेळी हसायचे. आज त्यांनी कप खाली ठेवला.

"कंटाळलो नव्हतो," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"बाबांची बोटं चाकात गेली, त्या आठवड्यात मी शाळा सोडली. मी नऊचा होतो. तू चार वर्षांची, हा दीडचा. तुम्हाला कुठून आठवणार. दुसऱ्या दिवशी म्हातारे मास्तर घरी आले. पोरगा पाठवा म्हणून नव्हते आले. त्यांना दिसत होतं ना घर. मला अंगणात बाजूला घेऊन म्हणाले, तू गेलास की पट एकोणीस होतो, शाळा उठेल. तुझं नाव राहू देऊ का? तुझी बहीण मोठी होईपर्यंत?"

साहेब पुढे सरकले. "तेव्हाही वीसच?"

"तेव्हाही वीसच. तुमच्या ऑफिसला दुसरा आकडा येत नाही वाटतं."

सून खाली बसली.

"मी म्हटलं, राहू द्या. दोन वर्षं माझ्यापुढं हजर लिहिलंय त्यांनी. मी मागं अंगणात चाक फिरवायचो. भिंतीतून हजेरी ऐकू यायची. एकोणीस नावं व्हायची. माझं नाव ते वाचायचे नाहीत. वाचून, उत्तर न येता हजर लिहायची त्यांना लाज वाटत असणार. फक्त थोडं थांबायचे. मीही चाक धरून थांबायचो. मग घंटा व्हायची." दादांनी आपल्या खरखरीत तळव्यांकडे बघितलं. "एक दिवस वीस नावं ऐकू आली. वीस नंबरला तू होतीस."

आक्काच्या हातातला चष्मा तसाच राहिला. ती सत्तावन्न वर्षांची होती, आणि त्यातली पन्नासेक वर्षं तिनं या माणसाला आळशी म्हटलं होतं.

"मला सांगायचं नाहीस?" ती कशीबशी म्हणाली.

"काय सांगायचं? मास्तरांनी बजावलं होतं, कुणाला बोलू नकोस. आणि पुढं तू बाई झालीस, हा साहेब. साहेबाला कसं सांगू की बाबा, तुझी शाळा खोट्या हजेरीवर उभी होती म्हणून? शेरा मारला असतास तू."

साहेबांनी हसायचा प्रयत्न केला. नाही जमलं. ज्या परिपत्रकावर त्यांनी सही केली होती, त्यात बोगस नावं आढळल्यास कडक कारवाई असं सहावं कलम होतं, आणि ते कलम त्यांनी स्वतः घातलं होतं. त्याच्या मजकुरासाठी शाबासकीही मिळाली होती.

"मग काय करू?" ते म्हणाले. साहेबांनी या घरात असा प्रश्न कित्येक वर्षांत विचारला नव्हता. "भिंगरीला खरंच आक्काच्या शाळेत बसवायची?"

"नाही," दादा म्हणाले. "एकाचं नाव पुढं करून शाळा जगवणं मी बघितलंय. ज्याचं नाव असतं त्याचं काय होतं तेही बघितलंय. पोरीला नका त्यात ओढू. आक्का, तू ते नाव खोड."

"खोडते," आक्का म्हणाली. "शाळा जाऊ दे. दमले मी. पण माझी एकोणीस पोरं नदीपलीकडे नाही जायची."

सगळ्यांनी सुनेकडे बघायचं टाळलं, आणि त्यामुळेच सगळे तिच्याकडे बघत असल्यासारखं झालं. मग टेबलाखाली हात घालून तिनं भिंगरीला बाहेर ओढलं आणि मांडीवर घेतलं.

"काका, तो अर्ज कुठाय?"

"ऑफिसात."

"माझी सही मागे घ्यायची तर काय करावं लागतं?"

"दोन ओळींचं पत्र. पण पोरी, तेवीस सह्या आहेत. एक गेल्यानं काय होणार?"

"एकानं काय होतं ते तुम्ही विचारता?" ती म्हणाली. "एक पोर कमी पडलं म्हणून शाळा बंद करताय ना तुम्ही?"

दादा मोठ्यानं हसले. साहेबांनी फाईल ओढली आणि त्यातला एक कोरा कागद काढून सुनेपुढे ठेवला. मग दुसरा कागद काढून त्यावर स्वतः लिहू लागले. जवळच्या शाळेत सामावून घेण्याबाबत. वरचे लोक नाही म्हणतील, असं ते लिहिता लिहिताच पुटपुटले. म्हणू देत, मग मी परत लिहीन, असंही म्हणाले. पण दुसरं वाक्य इतक्या दमलेल्या आवाजात आलं की आक्काला ते खरं वाटलं.

"उद्या मला तिथं कुणी काही म्हणालं ना आत्याबाई," सून पत्र लिहून म्हणाली, "तर मी तुमच्या नावानं खडे फोडणार आहे. सांगून ठेवते."

"फोड," आक्का म्हणाली. "मी वेचून देते."

साहेब उठले आणि पहिल्याच पावलाला तोंडावर पडता पडता वाचले. नाड्या. भिंगरी पळून आजोबांमागे लपली.

ऊन उतरल्यावर आक्का आणि दादा शाळेत गेले. अंगणाच्या दारानंच गेले, सवयीनं. अंगणातलं चाक रविवार म्हणून थांबलेलं होतं. आतली बाकं एकामागे एक रस्त्याच्या दारापर्यंत ओळीनं लागलेली होती. आक्कानं कपाटातून पट काढला, वीस नंबरच्या ओळीवर पट्टी ठेवून एक सरळ रेघ ओढली आणि खाली सही केली. त्रेसष्ट गैरहजर रेघेखाली तसेच दिसत राहिले.

"झालं," ती म्हणाली. "चौतीस वर्षांत पहिली खाडाखोड."

मग ती पत्र्याच्या पेटीपाशी गुडघ्यावर बसली. जुने पट तिनं कित्येकदा पुसून परत ठेवले होते, वाळवी लागेल म्हणून. उघडून वाचायचं कधी सुचलं नव्हतं. साल शोधायला वेळ लागला. कागद पिवळा पडला होता, मास्तरांचं अक्षर मात्र तसंच गोल. वीस नंबरला दादाचं नाव, बाबांचं नाव, आडनाव. पुढे हजर, हजर, हजर, पानामागून पान, दोन वर्षं. मग एका महिन्यात ते नाव संपलं होतं आणि त्याच ओळीत, त्याच शाईत, तिचं नाव सुरू झालं होतं.

तिला बोट उचलवेना.

"दादा, इकडे ये. फळ्यासमोर."

"कशाला?"

"ये म्हणते ना. आणि त्या बाकावर बस."

दादा बसले. बाक पहिलीचं होतं, त्यांचे गुडघे हनुवटीपर्यंत आले. आक्का उभी राहिली. तिनं पट दोन्ही हातांत धरला आणि एक नंबरपासून वाचायला लागली. त्यातली बरीच माणसं आता नव्हती. काही कुठं गेली ते कुणालाच माहीत नव्हतं. दादा प्रत्येक नावाला मान हलवत होते. एकोणीस नावं झाली.

ती थोडी थांबली.

मग तिनं आपल्या भावाचं नाव, बाबांच्या नावासकट, आडनावासकट, मोठ्यानं वाचलं.

दादा उभे राहिले. त्यांनी सदरा खाली ओढून नीट केला.

"हजर, बाई," ते म्हणाले.

आक्कानं पट मिटला. ती रस्त्याच्या दारापर्यंत ऐंशी पावलं चालत गेली आणि कडी काढली. कडी गंजली होती, दोन्ही हात लावावे लागले.

"जा," ती म्हणाली. पुढचं वाक्य ती बोलली नाही.